ज्या जमिनीचं दान झालंच नाही

जमिनीचं बक्षीसपत्र एकदा नोंदलं गेलं की त्याला कोणीही हात लावू नये, असं ठामपणे म्हणणारे लोक गावोगाव भेटतात. वकिलांत भेटतात, दस्तलेखकांत भेटतात, पारावरच्या वडीलधाऱ्यांत तर हमखास भेटतात. ते सगळे स्वार्थापोटी बोलतात असं नाही. म्हणून त्यांची बाजू आधी पुरती ऐकून घेतली पाहिजे.

ते म्हणतात, देणाऱ्याने राजीखुशीने दिलं, घेणाऱ्याने स्वीकारलं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, दुय्यम निबंधकासमोर अंगठे उमटले, फोटो निघाले. एवढं झाल्यावर दहा वर्षांनी कोणी उठून ‘आमची समजूत चुकली होती’ म्हणणार आणि न्यायालय ते ऐकून घेणार असेल, तर कोणत्या देणगीवर कोणी विसंबायचं? शाळेने खोल्या कशाच्या भरवशावर बांधायच्या? बापाने दिलेल्या दोन एकरांत लेकीने विहीर का खोदायची? एकदा उदक सोडलं की सोडलं. दिलेलं परत मागणं हे कायद्यालाही शोभत नाही आणि धर्मालाही.

यातली काळजी खरी आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी सरळ माणसांचं नुकसान होतं म्हणून तो खोडून काढणं भाग आहे. देणारा आणि घेणारा दोघंही एकाच चुकीच्या समजुतीत होते, त्या समजुतीवरच दस्त झाला, हे जिथे सिद्ध होतं तिथे बक्षीसपत्र रद्द झालं पाहिजे. त्याने दानाचा अपमान होत नाही, कारण तिथे दान झालेलंच नसतं.

अशी चूक होते कशी, हे ज्याने तलाठ्याच्या दप्तराशी कधी झटापट केलेली नाही त्याला चटकन समजणार नाही. महाराष्ट्रात १९४७ च्या कायद्याखाली तुकडेबंदी आणि एकत्रीकरण झालं. विखुरलेले सर्व्हे नंबर आणि पोटहिस्से जुळवून त्यांचे गट पाडले गेले, गटांना नवे क्रमांक मिळाले. कागदावर योजना पूर्ण झाली. शेतात मात्र अनेक ठिकाणी जो तो आपापल्या जुन्या वहिवाटीतच नांगर धरून राहिला. परिणाम असा की सातबारा एका गटाचा आणि ताबा दुसऱ्याच गटाचा, अशी जोडपी गावोगाव तयार झाली. चुलतभाऊ एकमेकांच्या नावावरची जमीन पन्नास-पन्नास वर्षं कसत आले, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. शेतसारा भरला जातो, पीकपाणी लागतं, सोसायटीचं कर्ज मिळतं, कोणाचंच काही अडत नाही. अडतं ते सरकारी मोजणीच्या दिवशी.

आता असं एक गाव डोळ्यांसमोर आणा. उदाहरण माझं आहे, पण त्यातला एकही तपशील जगावेगळा नाही. गावात शिक्षण संस्थेची शाळा आहे, मुलांना मैदान नाही. एक वयस्कर शेतकरी म्हणतो, ओढ्याकाठचा माझा माळ घ्या. संस्थेचे पदाधिकारी माळावर येतात. टेप धरून लांबी-रुंदी बघतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या आठवड्यात सगळे तालुक्याला जातात. दस्तलेखक सातबारा मागतो. शेतकऱ्याच्या नावावर जो गट आहे तो दस्तात उतरवतो, गावनकाशा बघून चतुःसीमा लिहितो: पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस तमुक गट. चारही बाजूंना आकडेच. ‘पश्चिमेस ओढा’ असे शब्द लिहायची पद्धत आता मागे पडली आहे. दस्त वाचून दाखवला जातो. आकडे ऐकून कोणाला शेत दिसणार? सगळे माना डोलावतात. सही, अंगठा, फोटो, सूची क्रमांक दोन हातात. फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, सातबाऱ्यावर संस्थेचं नाव लागतं.

मुलं माळावर खेळू लागतात. काही वर्षांनी संस्था कुंपणासाठी मोजणीचा अर्ज करते. भूमी अभिलेखाचा भूकरमापक येतो, नकाशा लावतो आणि खुणा रोवतो त्या थेट शेतकऱ्याच्या चुलतभावाच्या उभ्या उसात, त्याच्या विहिरीला वेढा घालून. शेतकऱ्याच्या नावावरचा गट हा मुळात तो ऊस आहे. आणि माळ? तो चुलतभावाच्या नावावर आहे. एकत्रीकरणाच्या वेळी दोन्ही क्रमांक उलटसुलट लागले आणि पुढच्या दोन पिढ्यांत कोणी बघितलं नाही.

दस्तात एकही खाडाखोड नाही. गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, चतुःसीमा, सगळं एकमेकांशी तंतोतंत जुळतं. आणि सगळा दस्त चुकीचा आहे. ऊस देण्याची देणाऱ्याची इच्छा नव्हती, तो घेण्याची घेणाऱ्याचीही नव्हती. दोघांनी एकाच माळावर उभं राहून, एकाच माळाकडे बघून होकार दिला होता.

इथेच ‘दस्ताला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा आहे. त्यांच्या तत्त्वाप्रमाणे संस्थेने आता उसावर हक्क सांगायला हवा. कागद तिच्या बाजूने आहे! आणि दस्ताच्या वेळचे पदाधिकारी जाऊन नवे आले की असा हक्क सांगितला जातोच, कारण नव्यांनी तो नारळ फुटताना पाहिलेला नसतो. त्यांच्या हातात फक्त सूची क्रमांक दोन असतो. मूळ माणसं हयात असतात तोवर चूक ही चूक असते. ती माणसं गेली की त्या चुकीचाच हक्क होतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

कोणी म्हणेल, मग चूक दुरुस्तीचा दस्त करा, रद्द कशाला? विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ मध्ये ती सोय आहे. दोन्ही पक्षांच्या सामाईक चुकीमुळे लेखात त्यांचा खरा हेतू उतरला नसेल, तर न्यायालय लेख दुरुस्त करू शकतं. कलमात करारासोबत इतर लेखांचाही उल्लेख आहे, म्हणजे बक्षीसपत्रही त्यात येतं. जिथे देणाऱ्याच्या स्वतःच्या दोन गटांपैकी भलताच लिहिला गेला, तिथे हाच मार्ग बरोबर आहे, आणि तिथे मी दस्त रद्द करा असं म्हणणारही नाही. पण वरच्या उदाहरणात दुरुस्ती करून लिहायचं काय? माळाचा गट दात्याच्या नावावर नाही. जे त्याच्या नावावर नाही ते न्यायालय त्याच्या हातून दान करवू शकत नाही. तेव्हा आधी दस्त रद्द होऊन गट मूळ नावावर यायला हवा. मग दोन चुलतभावांनी अदलाबदल करून वहिवाटीप्रमाणे नावं लावून घ्यावीत. त्यानंतर माळ शाळेला रीतसर देता येतो. शाळेला कबूल केलेलं मैदान कायदेशीररीत्या मिळण्याचा रस्ता पहिला दस्त रद्द करण्यातूनच जातो. जे लोक दस्ताचं रक्षण करायला निघाले आहेत, ते देणगीच्या आड उभे आहेत.

आता कायद्याच्या भाषेत घेतला जाणारा आक्षेप. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२६ वर बोट ठेवून सांगितलं जातं की बक्षीस मोडण्याच्या वाटा दोनच. एक, दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडली तर बक्षीस परत फिरेल, असं दोघांनी आधीच ठरवलेलं असणं. दुसरी, ते बक्षीस करार असतं तर ज्या कारणांनी तो करार मोडता आला असता त्यांपैकी एखादं कारण असणं. त्यात मोबदला मिळाला नाही हे कारण मात्र चालत नाही. इथवर बरोबर. पुढचा डाव बारीक आहे. फसवणूक, दबाव, गैरवाजवी प्रभाव यांनी करार मोडण्याजोगा होतो, म्हणून ती कारणं कलम १२६ मध्ये बसतात. सामाईक चुकीने मात्र करार मोडण्याजोगा होत नाही, तो करार अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे मुळातच निरर्थक ठरतो. सबब ‘चूक’ हे बक्षीस मोडण्याचं कारण नाही, असा हा युक्तिवाद.

हा युक्तिवाद स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारा आहे. जो दस्त मोडण्याजोगा आहे तो न्यायालयाने मोडेपर्यंत जिवंत असतो. जो मुळातच निरर्थक आहे तो कधी जिवंत झालाच नाही. कमी दोषाचा दस्त रद्द होऊ शकतो आणि जास्त दोषाचा अढळ राहतो, हे कोणत्या न्यायात बसतं? १९६३ च्याच कायद्याचं कलम ३१ स्पष्ट आहे: लेख निरर्थक असो वा मोडण्याजोगा, तो तसाच राहिला तर गंभीर नुकसान होईल अशी वाजवी भीती ज्याला आहे, त्याला तो रद्द करून मागता येतो. दोन्ही प्रकारांचा उल्लेख कलमाने नावानिशी केला आहे.

त्यात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२२ कडे या मंडळींचं लक्षच जात नाही. आपल्या कायद्यात नुसत्या देण्याने बक्षीस होत नाही. घेणाऱ्याला ते दात्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं, नाहीतर ते निरर्थक. म्हणजे दोन मनं एका वस्तूवर टेकायला हवीत. माळ समजून ज्याने सही केली त्याने ऊस स्वीकारला, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दाखला म्हणून ऑक्टोबर २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. तमिळनाडूत १९८३ साली खादी मंडळाला जमीन बक्षीस दिली गेली आणि दात्याने १९८७ साली ते बक्षीस एकतर्फी रद्द करण्याचा दस्त केला. तो रद्दीकरणाचा दस्त न्यायालयाने मानला नाही. योग्यच केलं. त्या प्रकरणात जमीन कोणती याविषयी दोघांची गफलत झाली नव्हती. बक्षीस स्वीकारलं गेलं होतं की नाही आणि दात्याने परत घेण्याचा अधिकार राखून ठेवला होता की नाही, हे तिथले प्रश्न होते. एकतर्फी दस्ताने दिलेलं काढून घ्यायला माझाही विरोध आहे. मी न्यायालयापुढे पुराव्यानिशी सिद्ध झालेल्या दोघांच्या चुकीविषयी बोलतो आहे. त्या निकालाला या प्रश्नावरचं उत्तर म्हणून वापरणं हा निकालावर अन्याय आहे.

आणि धर्माचं नाव घेणाऱ्यांनी एकदा धर्मशास्त्र उघडून बघावं. व्यवहाराच्या, म्हणजे खटल्यांच्या, अठरा पदांमध्ये दिलेलं दान परत घेण्याचा वाद हे एक स्वतंत्र पद आहे. मनूने ते सांगितलं आहे, नारदाने त्याचा विस्तार केला आहे. नारदस्मृती दानाचे चार वर्ग करते आणि त्यांतला एक आहे ‘अदत्त’, म्हणजे हातून गेलं तरी दिलं असं धरता येत नाही ते. त्याचे सोळा प्रकार मोजले आहेत. भयाने दिलेलं, रागाच्या किंवा शोकाच्या भरात दिलेलं, थट्टेत दिलेलं, कपटाने घेतलेलं, वेड्याने दिलेलं, नशेत दिलेलं, आणि त्याच रांगेत व्यत्यासाने, म्हणजे उलटापालट होऊन दिलेलं आणि न कळता दिलेलं. ज्यांना पानं चाळायची असतील त्यांच्यासाठी भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या पदाची चर्चा केली आहे. तेव्हा ‘दिलं ते दिलं’ ही परंपरेची शिकवण नाही. देणारं मन कसं होतं हे परंपरेने आधी विचारलं.

विसाव्या शतकात आपल्या देशातलं भूमिदानाचं सर्वांत मोठं आंदोलन १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत सुरू झालं. विनोबांच्या शब्दाखातर लोकांनी लाखो एकर जमीन दिली. त्या दानाहून पवित्र दान कोणतं? तरीही पुढे बिहारसारख्या राज्यांनी भूदानाचे कायदे केले तेव्हा दानपत्र आलं की लगेच जमीन हस्तांतरित झाली असं धरलं नाही. दानपत्र प्रसिद्ध करायचं, हरकती मागवायच्या, महसूल अधिकाऱ्याने चौकशी करायची, मगच दान कायम करायचं किंवा ते नामंजूर करायचं, अशी पायरी त्यांत ठेवली. जमीन दात्याचीच आहे का, वाटपाजोगी आहे का, हे बघावंच लागलं, कारण श्रद्धेने दिलेल्या दानपत्रांतही नदीपात्रं, जंगलं आणि वादातल्या जमिनी निघाल्या. त्या चौकशीमुळे भूदानाला बट्टा लागला असं कोणी म्हणत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप यापुढचा आहे, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. चुकीचं दार उघडलं तर त्यातून पहिला आत शिरेल तो भाऊ, आणि बाहेर काढली जाईल ती बहीण. महाराष्ट्रात लेकींच्या हातून जमीन कशी जाते हे सर्वांना ठाऊक आहे. साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने सहदायक केलं, ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यातली उरलीसुरली शंका मिटवली, तरी गावातला दबाव तसाच आहे. अशात एखाद्या बापाने हिंमत करून लेकीला बक्षीसपत्र करून दिलं, आणि बाप गेल्यावर भाऊ म्हणाला, ‘बाबांची चूक झाली होती’, तर?

तर त्या भावाला हरवायला ‘दोघांची चूक’ हीच कसोटी पुरेशी आहे. बापाची एकट्याची गफलत झाली असं म्हणून भागत नाही. करार अधिनियमाचं कलम २२ सांगतं की एकाच पक्षाची चूक झाली एवढ्याने करार मोडत नाही. बहीणसुद्धा त्याच चुकीच्या समजुतीत होती, तिला स्वतःलाही दुसरीच जमीन मिळाली असं वाटत होतं, हे भावाला सिद्ध करावं लागेल, आणि तेही ती न्यायालयात समोर उभी असताना. तिने पहिल्या हंगामापासून त्याच गटात पेरलं असेल, त्याच बांधावर झाडं लावली असतील, तर दावा तिथेच संपला. उलट, बापाने हौसेने दाखवलं ते पाण्याखालचं रान आणि कागदावर आला तो मुरमाड तुकडा, अशी फसगत झालेल्या लेकीला आज हेच लोक सांगतात, ‘नोंदणी झाली आहे, आता काही होत नाही.’ दस्त अढळ ठेवण्याच्या हट्टाने तिचं रक्षण होत नाही. तो हट्ट तिला त्या मुरमाड तुकड्याला बांधून टाकतो.

या मागणीला कायद्याने घातलेले इतर बांध पाहिले तर ‘उद्या कोणीही उठेल’ ही भीती टिकत नाही. कलम २० चं स्पष्टीकरण सांगतं की वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही चूक धरली जात नाही. बापाने पुतण्याला माळरान दिलं, पुढे शेजारून समृद्धी महामार्ग गेला आणि एकराचा भाव आभाळाला भिडला, तर बापाला होतो तो पश्चात्ताप. पश्चात्तापाला कायद्यात जागा नाही आणि नसावी. म्हातारपणी मुलाने विचारपूस सोडली, ही तक्रारही वेगळी आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, तिथे न्यायाधिकरण आहे. तो कृतघ्नतेचा प्रश्न आहे. त्याला चुकीच्या गाठोड्यात बांधलं तर दोन्ही प्रश्नांचं वाटोळं होतं, आणि दुर्दैवाने चर्चेत नेमकं तेच केलं जातं.

मुदतीचंही तसंच. दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि चुकीच्या बाबतीत ती चूक उघड झाल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ती उघड होऊ शकली असती तेव्हापासून धावू लागते. मोजणीची ‘क’ प्रत हातात येऊनही जो पाच वर्षं गप्प बसला त्याला दार बंद. मधल्या काळात कोणी पैसे मोजून, काही माहीत नसताना ती जमीन विकत घेतली असेल, तर कलम १२६ च्या अखेरच्या वाक्यात अशा खरेदीदाराला संरक्षण आहेच. ‘कागदाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही’ हा ठोकळा फेकणाऱ्यांना एवढंच सांगायचं की लेखामागे चूक होती हे दाखवणारा पुरावा देण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

राहिला प्रश्न त्या शाळेचा, जिने विश्वासाने बांधकाम केलं. घेणाऱ्याचा दोष नसताना त्याला रस्त्यावर काढायचं का? नाही, आणि कोणी तसं म्हणतही नाही. कूपर विरुद्ध फिब्स हा १८६७ चा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे चालला. आयर्लंडमधल्या एका सामन मासेमारीच्या हक्काचा भाडेकरार झाला होता. हक्क भाड्याने देणाऱ्यांचा आहे अशी दोन्ही बाजूंची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात तो भाड्याने घेणाऱ्याचाच निघाला. करार रद्द झाला, पण दुसऱ्या बाजूने त्या जागेच्या सुधारणेवर जो खर्च केला होता त्याचा बोजा न्यायालयाने मालमत्तेवर ठेवला. खर्च केलेल्यांना रिकाम्या हाताने पाठवलं नाही. ‘कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही’ या सूत्रालाही त्याच निकालाने मर्यादा घातली: स्वतःच्या मालकीहक्काविषयीची गफलत ही वस्तुस्थितीची गफलत आहे. आपल्याकडे दस्त रद्द करताना लाभ परत करायला आणि न्याय्य भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार १९६३ च्या कायद्याच्या कलम ३३ ने न्यायालयाला दिला आहे. सद्भावनेने सुधारणा करणाऱ्याला तिची किंमत मिळवून देणारं कलम ५१ मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १८८२ पासून आहे. खोल्या बांधणाऱ्याची सोय आहे. फक्त न्यायालयाने दस्त रद्द करताना ती हातची राखू नये.

इंग्लंडची न्यायालयं तर आपल्याहून पुढे गेली आहेत. १९०९ साली लेडी हूड यांच्या प्रकरणात, थोरल्या मुलीला आपण आधीच दिलं आहे हे आई विसरली आणि दोघी मुलींना सारखं मिळावं म्हणून थोरलीला पुन्हा दिलं. न्यायालयाने ते दुसरं देणं रद्द केलं. तिथे चूक एकट्या आईची होती. २०१३ साली पिट विरुद्ध होल्ट या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पक्कं केलं: देणाऱ्याची चूक पुरेशी गंभीर असेल आणि ते देणं तसंच राहू देणं अन्याय्य ठरणार असेल, तर ते रद्द करता येतं. एवढं आपल्याकडे असावं असं मी म्हणत नाही, कारण आपल्या कुटुंबांत एकट्याची चूक खोटी उभी करणं फार सोपं आहे. मी दोघांच्या चुकीवर थांबतो. तेवढीही जागा न देणारे लोक कोणत्या न्यायाची बाजू मांडत आहेत?

खरं म्हणजे महाराष्ट्र सरकारने या सामाईक चुकीला एकदा मान्यता दिलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सलोखा योजना नेमकी उलटसुलट गटांसाठी आहे. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर पंचनामा करून अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क १,००० रुपये, नोंदणी फी १,००० रुपये. दोघं शहाणे शेतकरी समोरासमोर बसून पन्नास वर्षांची चूक निस्तरू शकतात, हे सरकारने ओळखलं.

मग चुकीच्या बक्षीसपत्रालाच सापत्न वागणूक का? आज मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ प्रमाणे बापाने लेकीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये. २०१५ मध्ये दिलेली ही सवलत चांगलीच आहे. तिच्यामुळे हजारो घरांत वाटण्या सुकर झाल्या. पण त्याच सवलतीमुळे मोजणी न करता, शोध न घेता, एका दुपारी उरकलेल्या दस्तांचीही गर्दी झाली. आणि चूक लक्षात आल्यावर लेकीने तीच जमीन राजीखुशीने बापाला परत द्यायची ठरवली तर? २०० रुपयांच्या यादीत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मृत मुलाची पत्नी आहे. बाप नाही, आई नाही, भाऊ नाही. लेकीला बाजारमूल्याच्या ३ टक्क्यांपर्यंत शुल्क भरावं लागतं. घेणारी सार्वजनिक संस्था असेल तर अडचण आणखी मोठी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय संस्थेला जमीन परत देताच येत नाही. विश्वस्त मनाने सरळ असले तरी त्यांचे हात बांधलेले. चुकून द्यायला २०० रुपये आणि चूक सुधारायला लाखाचा खर्च किंवा वर्षानुवर्षांचा दावा, असा हा कारभार आहे. घरातली माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात त्याचं एक कारण हेही आहे.

सरकारकडे मागणं एवढंच आहे. देणारा आणि घेणारा दोघं मिळून चूक कबूल करत असतील आणि मोजणीचा नकाशा व तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा तिला दुजोरा देत असेल, तर बक्षीस परत फिरवण्याच्या दस्ताला सलोखा योजनेइतकंच शुल्क लावा. संस्थांच्या अशा प्रकरणांत धर्मादाय आयुक्तांनी ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा, असा नियम करा. न्यायालयांत असे दावे चालवणाऱ्या वकिलांनी ‘नोंदणीकृत आहे’ एवढ्यावर पक्षकाराला परत पाठवणं थांबवावं. कलम ३१ त्यांच्यासमोर आहे. आणि ज्यांच्या घरात असा एखादा दस्त पडून आहे, ज्याचा गट आणि ताबा जुळत नाही असं मनात येऊन गेलं आहे, त्यांनी मोजणीचा अर्ज याच हंगामात करावा आणि देणारा व घेणारा दोघंही हयात आहेत तोवर एकत्र सह्या कराव्यात.